स्वर्गवासी दयाराम घरत

विमा कंपनीत मृत्युदाव्यांच्या टेबलावर तीस वर्षं काढलेला माणूस सहजासहजी कुणाला मेला म्हणत नाही. आधी दाखला दाखवा, मग रडा, असा माझा खाक्या. घरचे मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे.

दर जानेवारीत पनवेलला आमच्या कॉलेजच्या शहाऐंशीच्या बॅचचा मेळावा भरतो. गेलेल्यांचे फोटो पडद्यावर येतात आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी मी वाचतो, कारण माझा आवाज म्हणे भारदस्त आहे. यंदा नावं अकरा झाली. मेळाव्याचं सगळं बघणाऱ्या आमच्या वर्गातल्या सुनंदाने यादी पाठवली आणि सहाव्या नावावर मी अडकलो. दयाराम घरत.

झालं असं की बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मेळाव्याची तारीख टाकली होती आणि ती कोणी कोणी वाचली हे बघत बसलो होतो. मला ती खोडच आहे. वाचणाऱ्यांत दयारामचा नंबर होता. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा.

"अरे, गोदू वापरत असेल त्याचा फोन," सुनंदा म्हणाली. गोदू म्हणजे दयारामची बायको. आमच्याच वर्गातली.

"मग तीन वर्षांत एक शब्द उत्तर का नाही? आणि त्याच्या अंत्ययात्रेला कोण गेलं होतं?"

"मला वाटलं, तू."

आणखी चौघांना विचारलं. प्रत्येकाला दुसरंच कोणीतरी गेलं होतं असं वाटत होतं. झालं, माझ्या डोक्यात चक्र सुरू. घरतांची जमीन विमानतळात गेलेली, बदल्यात भूखंड मिळालेला. मेलेल्याला जिवंत आणि जिवंताला मेलेला दाखवून लोक काय काय करतात, ते मी टेबलावर बघितलं होतं. गोदू दिसायला गरीब, पण मला गरीब दिसणाऱ्यांनीच जास्त फसवलं आहे. सगळ्यांत वाईट शंका वेगळीच होती. दयाराम जिवंत असेल, तर तीन वर्षं मी जिवंत मित्राची श्रद्धांजली माइकवर वाचत होतो. ती शंका तरी खोटी निघू दे, असं मला मनापासून वाटत होतं.

रिक्षा करून करंजाड्याला गेलो. दार दयारामनेच उघडलं. लुंगी, बनियन, केस पांढरे.

"ये अविनाश," तो म्हणाला. "मी जिता हाय का ते बगाला आलास?"

बसल्याबसल्या मी उलटतपासणी सुरू केली. "हा काय प्रकार आहे? गोदूला सगळं माहीत आहे ना? कुठे आहे ती?"

त्याने भिंतीकडे बोट केलं. गोदूच्या फोटोला हार होता.

मग त्याने मोबाइलवर तीन वर्षांपूर्वीचा निरोप काढून दाखवला. त्याच्या मुलाने त्याच्याच फोनवरून ग्रुपवर टाकलेला. बाईच्या निधनाचा निरोप आपल्याकडे नवऱ्याच्या नावाने सुरू होतो, तसाच तो होता. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, करंजाडे येथील श्री. दयाराम नामदेव घरत यांच्या पत्नी...' मोबाइलच्या वरच्या पट्टीत नवऱ्याच्या नावापर्यंतच मावतं. खाली पहिलं उत्तर माझं होतं. 'दयाराम, मित्रा, चटका लावून गेलास.' पट्टीतलं तेवढंच वाचून, निरोपानंतर एका मिनिटात पाठवलेलं. माझं बघून बाकीच्यांनी हात जोडले होते.

"तू सांगायचं तरी," मी कसाबसा म्हणालो.

"सांगनार होतो. म्हटलं, कोन तरी घरी भेटाला येल, तवा सांगू. तेराव्यापर्यंत वाट बगली. मी मेलो असं समजलात ना तुमी? मग तिला भेटाला तरी कोन आला?"

मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"रविवारी मेळाव्यात सगळ्यांसमोर माफी मागतो," मी म्हणालो. "तुझं नाव काढतो."

"माजं काढ नायतर ठेव. तिचं घाल. चार ओळी लिव. आताच लिव, माज्यासमोर."

मी वही उघडली. 'गोदावरी दयाराम घरत' एवढं लिहिलं. पुढे काही सुचेना. ती काय बोलायची, कशाला हसायची, काहीच आठवत नव्हतं. दयाराम समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होता.

"माहेरचं आडनाव काय रे तिचं?" मी शेवटी विचारलं.

"तीन वर्सं रोज हजेरीत तुज्याच मागं तिचं नाव यायचं," तो म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला.