अनंताच्या खुर्चीवरची फळी

मी एक फळी बोलतेय. म्हसळ्याच्या एसटी स्टँडजवळ अनंताचं केस कापायचं दुकान आहे ना, तिथली. खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकतात आणि वर लहान पोर बसवतात, म्हणजे त्याचं डोकं अनंताच्या हाताशी येतं.

जन्माने मी फणसाची. कुणाच्या तरी दरवाजातून उरले, सुताराने रंधा मारून मला अनंताच्या हवाली केलं, त्याला चाळीस वर्षं झाली. चुलीत जायची ती आरशासमोर आले! तेव्हापासून अर्ध्या तालुक्याची पोरं माझ्यावर बसून रडली आहेत. कुणी टाचा आपटतं, कुणी पाण्याच्या फवाऱ्यालाच घाबरतं. त्यांचे बाप मागे उभे राहून सांगतात, आम्ही नव्हतो बुवा असे. खोटं! त्यातल्याच एका बापाच्या, केतनच्या, दातांच्या खुणा अजून माझ्या काठावर आहेत.

त्याच केतनचा मुलगा गणराज, वय वर्षं चार. गेल्या महिन्यात एका रविवारी अनंताने त्याची उजवी बाजू कापली, कात्री डावीकडे वळवली आणि पोरगं अंगावरच्या कापडासकट पळालं. अर्धं डोकं साफ, अर्ध्यावर रान, असा तो भर बाजारातून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत्याची हळद. सगळे पाहुणे जमणार आणि विचारणार, हे केस कापले कुणी? आणि नाव अनंताचं निघणार.

संध्याकाळी केतनने लेकाला काखोटीला मारून आणलं. मी हातपाय धरतो, तुम्ही कापा, म्हणाला. अनंताने साफ नकार दिला. धरून ठेवलेलं पोर हिसका देतं आणि कात्री कानाला लागते, हे त्याला ठाऊक. त्याने गणराजला खाली सोडायला लावलं आणि काय केलं म्हणजे बसशील, असं विचारलं.

"पयला तू बस," गणराज म्हणाला.

आणि साठीचा, चांगला ऐंशी किलोंचा अनंता माझ्यावर चढला! माझा जीव कळवळला. बापाच्या कडेवरून गणराजने त्याला कापड गुंडाळलं, तोंडावर फवारा मारला आणि बापाने हात धरलेला असताना अनंताची जिवापाड जपलेली मिशी एका बाजूने कापून टाकली. आरशात दोघेही अर्धेच दिसत होते. गणराज हसून हसून लोळला.

मग स्वतःच माझ्यावर चढून बसला. डावी बाजू पुरी होईपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही. हळदीला अनंता बिनमिशीचा गेला आणि मनसोक्त नाचला म्हणे.

मला मात्र मधोमध तडा गेला. अनंताने खालून लोखंडी पट्टी ठोकली आहे. नवी फळी घे म्हणणाऱ्यांना तो हसून वाटेला लावतो.

काल गणराज पुन्हा आला. बसण्याआधी वाकला, तड्यावरून बोट फिरवलं आणि खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते तशी फुंकर घातली.

"हिला लागलंय," तो अनंताला म्हणाला. "मी हळू बसतो हां."

चाळीस वर्षांत माझी चौकशी कुणी केली नव्हती. मला अगदी भरून आलं. पोरांनो, या. टाचा आपटा, हवं तर चावासुद्धा. फक्त अनंताला पुन्हा वर चढवू नका.