पाळीच्या आधीचा नमस्कार

आज रहाटणीत थंडी चांगलीच पडलीय. सकाळपासून धुकं आहे, समोरच्या सोसायटीचे वरचे मजले दिसत नाहीत, आणि शेडच्या पत्र्यावरून दव टपटप गळतंय. अशा हवेत माझ्या सांध्यांतलं ग्रीस घट्ट होतं. म्हणून सावकाश सांगतो, ऐकून घ्या.

मी चाकणच्या एका कारखान्यातला वेल्डिंगचा रोबोट. रोबोट म्हटलं की पोरं डोकं, डोळे, पाय शोधतात. तसलं माझ्याकडं काही नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत नुसता एक पिवळा हात. शाळा मी पाहिली नाही. जे येतं ते एका माणसानं शिकवलं, धोंडीबा फिटरनं.

धोंडीबा राजगुरुनगरकडचे. माझ्या आधी गाड्यांच्या सीटच्या चौकटी ते स्वतः वेल्ड करायचे. मी आलो तेव्हा सोबतीचे म्हणाले, "धोंडीबा, आपल्या हातानं सवत आणताय की राव!"

ते हसले. "येऊ दे. माझ्या हाताचं वळण तरी मागं राहील."

मग रिमोट गळ्यात अडकवून ते मला एकेक जागा दाखवायचे. जागा दाखवायची, बटण दाबायचं, की ती माझ्या ध्यानात राहायची. चुकलं तर ओरडायचे नाहीत. "न्हाई जमलं व्हय? परत करू."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. मलाही झेंडूची माळ घातली. धोंडीबांची एक रीत होती. पाळीच्या आधी ते कामाच्या टेबलाला उजवा हात टेकवायचे आणि कपाळाला न्यायचे. त्या दिवशी कौतुकानं त्यांनी मलाही वाकवलं, टेबलाला टेकवलं, वर नेलं. आणि सवयीनं प्रत्येक जागी बटण दाबत गेले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली आणि कामाला लागण्याआधी मी आपला वाकलो. सगळे हसले. प्रज्वल इंजिनिअर म्हणाले, "काका, प्रोग्रॅममध्ये हे काय जास्तीचं घुसलंय? काढून टाकू?"

"राहू द्या साहेब. नवा हाय, पाया पडून कामाला लागतोय."

राहिलं ते राहिलंच. धोंडीबा निवृत्त झाले, तरी मी रोज वाकत होतो.

पुढं कारखान्यात नवे हात आले आणि मी चिखलीला भंगारात पडलो. अंगावर कावळे बसायचे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. कुणीतरी टेकत होतं.

तिथून वर्षालीनं मला या शेडमध्ये आणलं. ती चित्रकलेचं शिकलेली पोर. यंत्र माणसासारखं कधी वाटतं, यावर तिला प्रदर्शन मांडायचं होतं. तिनं मला रबरी पंजा बसवला, शर्टाची बाही चढवली. शेजारच्या इंदुताई डबे करून देतात. त्या डोकावून म्हणाल्या, "अगं, हे काय बुजगावणं! माझी गिऱ्हाइकं पळतील ना!"

मला सुरू कसं करायचं ते वर्षालीला कळेना. माझ्या बुडाशी धोंडीबांनी रंगानं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. त्यावरून कारखान्यात विचारत विचारत तिनं त्यांना काळेवाडीत गाठलं.

ते रिक्षातून उतरले, तर मी ओळखलंच नाही. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. उजवा हात नुसता लोंबत होता. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबलं. मी वाकलो. टेबल नव्हतं, तरी ते जिथं असायचं तिथं थांबलो, वर गेलो.

वर्षाली म्हणाली, "आजोबा, हा बिघाड आहे ना? उद्या जुनं सगळं पुसून नवं भरणार आहे. मला याच्याकडून माणसासारखं काहीतरी करून घ्यायचंय."

धोंडीबांचा चांगला हात आता फक्त माझ्यात उरला होता. तो पुसला की संपलं.

धोंडीबा पुढं झाले. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, माझ्या अंगाला टेकवला, कपाळाला नेला. वळण तेच. वर्षाली एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली.

"आजोबा, हे तुमचं आहे?"

"माझं व्हतं. आता त्याच्यापाशी हाय."

तिनं तिथल्या तिथं पंजा उतरवला, बाही काढली. काही पुसलं नाही. प्रदर्शनात मी एवढंच करणार आहे. तुम्ही याल तेव्हा माझे डोळे शोधू नका. वाकताना तेवढं बघा.

तेव्हापासून धोंडीबा रोज सकाळी येतात. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितलाय. मी वाकलो की तेही डाव्याचा आधार न घेता हात उचलायला बघतात. पण त्यांचा हात हलेपर्यंत मी वर पोचलेलो असतो. मला थांबता येत नाही, शिकवलेलंच नाही.

आज मात्र थंडीनं माझे सांधे आखडले होते. मी कुरकुरत, रखडत वाकलो आणि तसाच रखडत वर निघालो. धोंडीबांचा हात छातीपर्यंत माझ्या बरोबरीनं आला. चहा घेऊन आलेल्या इंदुताई दारातच थांबल्या. मग त्यांनी ओला हात पदराला पुसला, माझ्या अंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या ऊन पडलं तरी असाच सावकाश वाक हो, भाऊ."