नयना मागे थांबली

"बाहेर उणे सोळा आहे म्हणे. मरू दे ते स्कीइंग. आपण दोघी मस्त नाश्ता करू," म्हणत नयनाने स्वरूपाच्या ताटलीत ऑम्लेटचा तुकडा वाढला.

स्वरूपाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जपानमधल्या इचिकावाची ही मराठी मंडळी दर हिवाळ्यात नागानोला यायची आणि डोंगरावर जायला नयना सगळ्यांच्या पुढे असायची. ती कुणासाठी मागे राहिल्याचं कुणाच्या पाहण्यात नव्हतं. आज मात्र स्वरूपाचा नवरा अवधूत लेकीला घेऊन निघाला, तेव्हा नयना आपणहून म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे. मी थांबते हिच्याजवळ."

आठ वर्षं जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात भात भरत काढलेल्या बाईला एवढंही पुष्कळ असतं. नयनाने चक्क पुण्याची शेंगदाण्याची चटणी काढली. गरम भात, चटणी, समोर मैत्रीण. स्वरूपा बिचारी हुरळून गेली.

"भारतात अवधूतच्या आईंना सांभाळणारी तिसरी बाई पण गेली ना?" नयनाने विचारलं.

"हो ना. अर्धांगवायू झालेलं माणूस, सगळं अंथरुणात. कोण टिकणार?"

"घरचंच माणूस हवं गं तिथे." नयनाने सूपचा घोट घेतला. "हे बघ, चिडू नकोस. अवधूतने तुझं भारताचं तिकीट काढलंय. दहा तारखेचं."

स्वरूपा हबकली, पण तिचा पहिला विचार लेकीचाच होता. "चैत्रालीची शाळा चालू आहे. एवढी रजा नाही देणार."

"तिचं नाही काढलं."

स्वरूपाने हातातला घास ताटलीत ठेवला.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"तू रडशील, पोरगी बघेल. मला म्हणाला, वहिनी, ती तुमचं ऐकते."

"आणि परत कधी यायचं?"

"आई आहेत तोवर तरी..." नयनाने वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाली, "तुझा व्हिसा त्याच्या जिवावर. तो संपतोय, पुन्हा लावणार नाही म्हणाला. मग वाद घालून काय उपयोग? चैत्रालीला तिकडच्या शाळेत मराठी तरी झेपेल का?"

"एवढ्यासाठी थांबलीस?"

"मला काय हौस होती? वर्षातून एकदा तर येतो आपण."

तेवढ्यात डायनिंग हॉलच्या दारात चैत्राली उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, थंडीने गाल लालबुंद. स्कीइंगचे बूट घालून आत येऊ देत नाहीत, म्हणून तिने तिथूनच जपानीत विचारलं, "नयना मावशी, सांगून झालं?"

नयनाने वाटीत डोकं घातलं. म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. माहीत नसलेली एकटी स्वरूपाच होती.

ती उठून दारापाशी गेली. चैत्रालीने बाकावर बसून सवयीने एक पाय पुढे केला. बुटाचे खटके बर्फाने घट्ट झाले होते. स्वरूपाने खाली बसून ते एकेक करून उघडले, बूट ओढून काढला आणि गारठलेलं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं.

"तू गेल्यावर हे कोण काढणार? पप्पा ओढतात, दुखतं," चैत्राली जपानीतच म्हणाली.

स्वरूपा मराठीत म्हणाली, "दुसरा तू काढ. आधी खालचा खटका. मग वरचा."

"तूच काढ ना."

स्वरूपा शेजारी बसली आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चैत्रालीची बोटं बधिरली होती. खटका पुन्हा पुन्हा निसटत होता. तिचे डोळे भरून आले.

मागून नयना आली. "अगं, दे की काढून. लहान आहे ती."

स्वरूपाने मांडीखालचे हात काढले नाहीत.