आठव्या जोडाखाली

आमच्या आंब्याच्या फॅक्टरीत गार हवेचा पत्र्याचा डक्ट सोलणीच्या हॉलवरून जायचा, पण ती हवा हॉलसाठी नव्हतीच. मालकांच्या मुलाने, उन्मेषसाहेबांनी, नव्व्याण्णव साली कॉम्प्युटर आणले, त्या कॉम्प्युटरच्या खोलीसाठी ती. खाली एकवीस बायका आंबे सोलत. माश्या येतात म्हणून खिडक्या बंद, डोक्यावर तापलेला पत्रा. मेमध्ये मला तिथे दहा मिनिटं उभं राहवत नसे. या दिवसभर बसायच्या.

डक्टचा आठवा जोड मात्र गळका होता. त्याच्याखाली एका बाईपुरता वारा लागे. बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. त्यांच्यातल्याच माझ्या बायकोला, कमळेला, सातवा महिना लागला, तसं सगळ्यांत थोरल्या गोदूबाईने सगळ्यांच्या पाळ्या मोडल्या आणि तिला रोज तिथेच बसवली. एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

आणि साहेब मला म्हणतात, "रामा, खोलीत हवा पोचत नाही. सगळे जोड बंद कर."

मी डक्टचा मिस्त्री, पण हंगामापुरता. पाच वर्षं 'कायम करू' ऐकत होतो. नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी चढला असता आणि आम्ही नवराबायको गेटबाहेर. चिडून करतो काय? शिडी लावली.

आठव्या जोडाला मी लबाडी केली. सिलिकॉन भरलं, पण खालच्या अंगाला बोटभर जागा सोडली. साहेब उदबत्ती घेऊन स्वतः शिडीवर चढले. जोडाजवळ धूर वाकला की तिथे गळती, ही युक्ती मीच त्यांना शिकवलेली. जळली माझी अक्कल! आठव्या जोडाजवळ धूर वाकला आणि थेट कमळेकडे गेला.

"इथे राहिलंय रे."

"नजरचुकीनं राहिलं, साहेब."

पुन्हा चढलो. खालून गोदूबाई ओरडली, "रामा, पोटुशी पोर बसल्ये खाली, दिसत नाय काय तुला?"

दिसत होतं, म्हणून तर बोटभर जागा सोडली होती. दोन्हीकडून कोंडलो होतो मी. जागा बुजवली. साहेबांनी उदबत्ती धरली, धूर सरळ वर गेला.

"पक्कं काम!" ते खूश झाले. "जूनपासून तुला कायम करतो. पण एकही जोड गळता कामा नये. बोल, कबूल?"

मी हातातली सिलिकॉनची नळी पुसत राहिलो. सगळ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या. कमळेचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने पदराने मान पुसली आणि माझ्याकडे न बघता पुढचा आंबा उचलला.

"हो म्हणा की," ती म्हणाली.