दूध नव्हतं ते

दसऱ्याच्या दुपारी कोकिळाने कॉम्प्युटर सुरू केला, तसा मॉनिटरच्या पोटात चट्‌ आवाज झाला. जळका वास सुटला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

मेहरूणच्या त्या सासरच्या घरात एवढी एकच वस्तू कोकिळाची स्वतःची. माहेरच्यांनी लग्नात फ्रीज देऊ केला होता. तिने हट्टाने हा कॉम्प्युटर मागून आणला. त्यावर ती लग्नपत्रिका जुळवायची. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, छापखान्याच्या पत्रिका अर्ध्यावर आणि मांडीवर तान्ही लेक.

घरात निकाल लगेच लागला.

"दूध सांडलं असशील," नवरा म्हणाला. पितांबरला कशाचंही कारण चटकन सापडायचं. "एका हाताने पाजायचं, एका हाताने टाइप करायचं. दुसरं काय होणार?"

"वाटी मी तिथे नेतच नाही. अंगावर पिते ती."

"मग अंगावरचंच उडालं असेल," नणंद लताबाई म्हणाली आणि पदराआड हसली.

सासरे, नाना, खाटेवर तंबाखू मळत होते. "यंत्रबी थकनं, माय," ते म्हणाले. "आते पोर सांभाय."

सोनं वाटायला जो जो आला, त्याला ही दुधाची कथा सांगून झाली. तिच्या डोळ्यांदेखत ती खरी होत गेली. संध्याकाळी पितांबरने छापखान्यातही परस्पर सांगून टाकलं की ही आता काम करणार नाही. ते कळलं तेव्हा कोकिळा भाकरी थापत होती. हातातला गोळा तिने परातीत असा आपटला की झोपलेली पोर दचकून उठली. तिला छातीशी धरताना कोकिळाच्या मनात आलं, बाई गं, तू या जगात आलीस आणि पहिलं खापर तुझ्याच दुधावर फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेकीच्याच गोधडीत मॉनिटर बांधला आणि धुळ्याची एसटी धरली. मॉनिटर मांडीवर, आणि शेजारच्या म्हातारीने आपण होऊन पोर घेतलेली.

"टीव्ही बिघडना का, माय?" म्हातारीने विचारलं.

"टीव्ही नाही आजी. माणसं बिघडलीत."

"मंग ती गाठोड्यात नही मावत," म्हातारी म्हणाली आणि पारोळा येईपर्यंत पोरीशी बोबडं बोलत राहिली.

माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी मुख्तारभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कोकिळाला त्यांनी परकरात पाहिलेलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, आधी ट्यूबमधली साठलेली वीज तार लावून उतरवली, मग सर्किटचा बोर्ड बाहेर ओढला आणि तोंडाला हात लावला. बोर्डावरून मुंग्यांची रांग चाललेली.

"कोकिळा, याला सरबत पाजलंस का?"

बोर्ड चिकट झाला होता. एका कोपऱ्यात तो जळून कोळसा झालेला, तांब्याची रेघ मधूनच उडालेली. झाकणाच्या वरच्या जाळीला आतून कुंकवाचा ओघळ होता आणि त्यात चिकटलेली नारळाची एक शेंडी.

कोकिळाने ती शेंडी ओढून काढली. दसऱ्याला पुढच्या काचेवर कुंकवाचं बोट तिनेच लावलं होतं, पण नारळ नव्हता फोडला. ती पुरण वाटत होती तेव्हा अंगणात ट्रॅक्टरची पूजा चालली होती. ट्रॅक्टरच्या टपावर नारळ फोडायचा आणि पाणी वरूनच सोडायचं, ही रीत घरात एकाच माणसाची.

"दूध असू शकेल का, मुख्तारभाई?"

"दुधाला शेंडी असते का?"

त्यांनी जळका भाग कोरून काढला, बोर्ड स्पिरिटने धुतला, उन्हात वाळवला, उडालेल्या रेघेवरून तारेचा पूल टाकला. उडालेले भाग बदलले. दुसऱ्या दिवशी चित्र आलं, जरासं डावीकडे कललेलं. "एवढी मान वाकडी राहील त्याची," ते म्हणाले.

"राहू दे. सरळ मानेची माणसं खूप पाहिली."

घरी येऊन तिने कोणाशी न बोलता मॉनिटर जोडला. अर्धवट पत्रिकेवरचा गणपती तिरपा उजळला. पितांबर काही बोलणार, तोच तिने ती शेंडी नानांच्या तळहातावर ठेवली.

नानांनी ती चिमटीत धरून पाहिली. तोंडातली तंबाखू थुंकली.

"मीच फोडं नारय," ते म्हणाले. "टॅक्टरवर फोडतस, तसं. तुनंबी यंत्रच शे ना, म्हनीसन."

घरात कोणी तिच्या यंत्राला ट्रॅक्टरचा मान दिला नव्हता आजवर. पण राग त्याहून मोठा होता.

"मग मला दुधाचा ठपका लागला तेव्हा गप्प का बसलात, नाना?"

"पितांबर बोलना, दूध सांडं." नानांनी मान खाली घातली. "माले बरं वाटनं."

पितांबर दाराकडे सरकला.

"तुम्ही छापखान्यात जा," ती त्याला म्हणाली. "आत्ता. आणि सांगा, दूध नव्हतं ते. पत्रिका परवा मिळतील."

"अगं, उद्या गेलो तर—"

"आत्ता."

तो चपला शोधू लागला. कोकिळाने लेक उचलली आणि नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी दोन्ही हात असे उचलले, जणू तापलेलं इंजिन होतं ते. मग घाबरत घाबरत खाली आणले.

ती टाइप करायला बसली. एकेक कळ ठोकत होती. मागे पोरीने सूर लावला.

"भूक लागनी व्हई हिले," नाना म्हणाले.

"आत्ताच पाजलंय," कोकिळा मागे न बघता म्हणाली. "उठा. फिरवा."