आकांक्षाच्या कमरेचा दोर

मित्रांनो, मी अंबाडीचा एक जुना दोर आहे. देवळीजवळच्या एका वावरात, गुरांच्या कोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. रूपराव आजोबांनी मला मांडीवर पीळ देत वळलं. नायलॉनच्या दोराने जनावराची मान कापते म्हणून त्यांना अंबाडीच लागे. मी एका तांबड्या कालवडीच्या गळ्यात होतो. तिने मला चघळलं, हिसडे दिले, पण मी तुटलो नाही. आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला माझा पीळ दाखवत.

पुढे आजोबा वारले, कालवड विकली गेली आणि मी धूळ खात राहिलो.

एका सकाळी आजोबांची सून सरिता धापा टाकत कोठ्यात आली. तिने मला खुंटीवरून ओढलं. वाटलं, नवं वासरू आलं असेल. तिने मला आपल्या पाच वर्षांच्या लेकीच्या, आकांक्षाच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक बाजेच्या पायाला.

मी हादरलो. ते इवलंसं पोट श्वासागणिक मला लागत होतं.

सरिता दुष्ट नव्हती. आकांक्षा बोलत नसे, हाक मारली तर बघत नसे. त्या सकाळी ती धावत विहिरीच्या काठावर गेली होती आणि तिचे वडील, आदेश, यांनी तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं होतं. वांगी तर तोडायचीच होती. म्हणून सरिता रोज टोपलं उचले, माझ्याखाली मऊ फडकं घाले, मला बांधे आणि वावरात जाई. शेजारीपाजारी म्हणत, पोरीला काही समजत नाही.

अंगणवाडीच्या रीताताईंनी एकदा हे पाहिलं आणि त्या सरिताला वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी स्वमग्नता असं नाव सांगितलं. सिंदी मेघेला वर्तन उपचार करणाऱ्या उज्वला मॅडम असतात, तिथे जा म्हणाले. एबीए म्हणतात त्याला. मग दर आठवड्याला मायलेकी बसने जाऊ लागल्या. घरी मूल कसं वागतं ते पाहायला एक दिवस मॅडम स्वतः आल्या. रोजच्यासारखंच करा, म्हणाल्या. लाजेने सरिताने मला आधीच कोठ्यातल्या खुंटीवर लपवलं होतं.

तिने टोपलं उचललं.

आकांक्षा उठली. कोठ्यात आली, मला खुंटीवरून ओढून काढलं, माझं टोक आईच्या हातात दिलं आणि पाठ करून गुमान उभी राहिली.

सरिताच्या हातून टोपलं सुटलं. "मॅडम, हे मी नाई शिकवलं तिले," ती कशीबशी म्हणाली.

मॅडम तिच्याजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "शिकवलंच की, ताई. टोपलं उचललं की दोर, हे ती रोज पाहून शिकली. म्हणजे ती शिकते."

"मले सगळे म्हणत, हिले काई समजत नाई," सरिता म्हणाली आणि खालीच बसली.

मग मॅडमनी विचारलं, आकांक्षा पळते त्याच्या आधी काय होतं, आणि पळाल्यावर तिला काय मिळतं? सरिता आठवू लागली. विहिरीवरची मोटार सुरू झाली की ती पळे. तिला पाण्यात हात घालायचा असे, आणि मागायला शब्द नव्हता.

आदेशने विहिरीवर जाळी बसवली. मॅडमनी पाण्याचं एक चित्र दिलं. आकांक्षाने ते आईच्या हातात ठेवलं की लगेच पाण्याची बादली पुढे. आधी तिचा हात धरून शिकवायचं, मग नुसतं बोट दाखवून. मारायचं नाही, जबरदस्ती नाही. कित्येक दिवस काहीच जमलं नाही. आकांक्षाने चित्र चावलं, ती आईलाही चावली. पण एका दुपारी मोटार सुरू झाली, आणि ती विहिरीकडे न पळता आईकडे आली. तळहातावर चित्र ठेवून तिने प्रथमच आईच्या तोंडाकडे पाहिलं. बोलत ती आजही नाही. वाईट दिवस आजही येतात.

मला मात्र परत कोणी तिच्या कमरेला बांधलं नाही.

मित्रांनो, कुठे असं बांधलेलं लेकरू दिसलं तर त्याच्या आईला बोल लावू नका. तिच्याजवळ बसा, दवाखान्याची वाट सांगा, जमलं तर सोबत जा. उशीर करू नका. मी कालवड बांधली, त्याचं मला काही वाटत नाही. पण ती छोटी पाठ माझ्यासाठी आपणहून वळली, त्याचा धक्का अजून माझ्या पिळातून गेलेला नाही.