निळ्या बोधचिन्हासाठी

"निळं कुठं गेलं?" साहेबांनी दारातूनच विचारलं. मावशी आमच्या एक्स-रे विभागाची फरशी पुसत होती आणि खोकत होती. साहेबांना त्या खोकल्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी इथे बावीस वर्षं फिल्म काढते. फिल्म स्कॅन करून स्क्रीनवर लावायची, डॉक्टर ती तिथेच वाचणार आणि मूळ फिल्म गठ्ठ्यात जाणार. आमचा जुनापुराणा संगणक एका वेळी सोळाच रंग दाखवतो. त्यातले बारा रंगीबेरंगी. काळा, पांढरा आणि मधले दोन करडे, एवढ्यात माणसाची अख्खी छाती बसवायची. बारीक डाग शेजारच्या छटेत मिसळून नाहीसा होतो. म्हणून मी दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डोकं फोडून सोळाही जागा करड्या छटांना दिल्या. डॉक्टर खूश झाले. पण स्क्रीनच्या माथ्यावरचं रुग्णालयाचं निळं बोधचिन्हही करडं पडलं, आणि नेमके पाहुणे यायचे होते.

मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं.

"बाई, तुम्ही फोटो काढा. शहाणपण आम्हाला शिकवू नका."

तीन अर्ज दिले, तिन्हींना केराची टोपली. रंग परत आले. पाहुण्यांनी बोधचिन्हाचं कौतुक केलं, चहा घेतला आणि गेले.

त्याच आठवड्यात मावशीच्या छातीची फिल्म काढली. प्रत्येक फिल्म गठ्ठ्यात टाकण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी नाही धरली. डोकं फिरलं होतं. म्हटलं, बघू देत यांना यांच्या रंगांत काय दिसतं ते. डॉक्टरांनी स्क्रीन पाहून लिहिलं, छाती स्वच्छ.

चार महिन्यांनी मावशी आली ती भिंतीला धरून. डॉक्टर तिला म्हणाले, आता ऑपरेशन करता येणार नाही, आधी यायला हवं होतं. आधी! ती रोज सकाळी सातला इथेच असायची.

मी कुणाला न विचारता सोळाही जागा पुन्हा करड्या केल्या आणि तिची जुनी फिल्म स्क्रीनवर उघडली. उजवीकडे वर, नखाएवढा डाग. तेव्हाही होता.

साहेब आलेच. "पुन्हा घालवलंत बोधचिन्ह?"

"घालवलं. आणि आता ते असंच राहील," मी म्हणाले. "हा डाग चार महिन्यांपूर्वीचा आहे. तुमच्या निळ्यापायी दिसला नाही. मी फिल्म उजेडात धरली नाही, तेही लिहून देते. त्या कागदावर तुम्हीही सही करा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मीटिंग आहे म्हणाले आणि निघून गेले. मी रागाने कागद पुढे ओढून लिहायला घेतलं, आणि तो सगळा राग काही त्यांच्यावरचा नव्हता.

मावशी बाकावरून उठून स्क्रीनपाशी आली. वाकून डाग पाहिला.

"तेव्हा एवढासाच होता होय, ताई?"

मला मान वर करता आली नाही. तिने कमरेचा रुमाल काढला आणि रोजच्यासारखी स्क्रीनची काच पुसायला घेतली, आधी कोपरे, मग कडा. डागापाशी तिचा हात थांबला.